नऊ नंबरचं चॅनल

वडीगोद्री, रविवार, ८ जानेवारी २००६

पस्तीस वर्षं अंबडच्या तहसील कचेरीत दुसऱ्यांचं टाइप केलं. नोटिसा, पंचनामे, दाखले, साहेब लोकांचे बदलीचे अर्ज. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आज पहिल्यांदा स्वतःचं काही टाइप करायला बसलो आणि पहिल्या ओळीलाच घाम फुटला. दुसऱ्याच्या मजकुराला बोटं कशी सरसर चालायची!

निमित्त असं की काल आमच्याकडे कम्प्युटर बसला. माझ्याच खोलीत, खिडकीजवळ, जिथे खताची पोती असायची. सून कौसल्या लग्नाआधी कम्प्युटरचा कोर्स करून आलेली. तिचं म्हणणं, कम्प्युटर एकच ठेवायचा आणि टीव्ही तिन्ही त्याच्यावर चालवायचे. एक आमच्या पुढच्या खोलीतला, एक वरच्या मजल्यावरचा तिचा आणि काकासाहेबाचा, म्हणजे माझ्या मुलाचा, आणि एक शेजारचा. शेजारी माझा धाकटा भाऊ भुजंग राहतो. वाटणी झाली तेव्हा मधे भिंत घातली, अंगण तेवढं एकच राहिलं. जालन्याहून केबलचा माणूस आला. त्याने कम्प्युटरला एक डबी जोडली, डबीतून काळी वायर काढली, तिचे तीन फाटे केले आणि एक फाटा भिंतीला भोक पाडून भुजंगच्या घरात सोडला. टीव्हीवर नऊ नंबर लावायचा, बास.

मी म्हणालो, "हे काही चालायचं नाही." कोणत्याही गोष्टीवर माझं पहिलं वाक्य हेच असतं.

मग कौसल्याने त्यांच्या लग्नाची सीडी लावली. मी खात्री करायला अंगणात जाऊन उभा राहिलो. दिवेलागणीची वेळ, सगळी दारं-खिडक्या उघडी. पाहतो तर तिन्ही टीव्हींवर आमचे वडील, अण्णा! त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पांढरा फेटा, हातात बुंदीची परात, पंगतीत वाढत निघालेले. इथेही, तिथेही, वरही. पाऊल उचललं की तिन्ही घरांत एकदम उचलायचे. वाटणीच्या दिवशी ते म्हणाले होते, "मी आता कुणाच्या घरात राहू रे?" काल ते सगळ्यांच्या घरात होते. मी साठीचा माणूस, अंगावर सर्रकन काटा आला. शेवटी कोणाला दिसू नये म्हणून गोठ्याकडे निघून गेलो.

आत आल्यावर विचारलं, "पिक्चर बंद केला की टीव्हीवर काय दिसतं गं?"

कौसल्या वायरी आवरत होती. "बंद केल्यावर काय दिसंल मामा? काईच न्हाई. नुसत्या मुंग्या."

तिने मला मराठी टायपिंगही टाकून दिलं. कळा सगळ्या जुन्या मशीनच्याच जागी. माझा मोतीबिंदू पाहून अक्षरं एवढी मोठी केली की एका ओळीत पाचच शब्द मावतात. वर पासवर्डचं कुलूप. चला, या घरात माझी म्हणून एक जागा झाली जिथे कोणाला डोकावता येणार नाही. रोज दुपारी दोन ते तीन लिहायचं ठरवलंय. त्या वेळी मुलगा-सून रोडवरच्या पंपाच्या दुकानात, माझी बायको चतुराबाई आडवी झालेली, भुजंग मळ्यात. उरली भुजंगची बायको उषाबाई. दोन्ही मुली लग्न होऊन गेल्यापासून ती एकटी टीव्हीसमोर शिवण घेऊन बसते. तिचा काही उपद्रव नाही.

बुधवार, ११ जानेवारी

आज गुडघा ठणकतोय आणि जेवणात राम नव्हता. चतुराबाईच्या हाताला चव आहे, पण कारळाची चटणी तिला जमत नाही. कारळ जास्त भाजते आणि मग कडू लागलं की माझ्याकडे बघते. आईची चटणी बरोबर उचलली ती उषाबाईने. पण मागणार कशी? मी तिचा भासरा पडलो, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात भावजय भासऱ्यासमोर येत नाही. आलीच तर पदर नाकापर्यंत, आणि बोलणं तर नाहीच. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, तिने माझ्याशी थेट उच्चारलेली वाक्यं मोजायला एक हात पुरेल. मीही काही बोलघेवडा नाही. माझं "हूं" हेच घरात भाषण समजतात.

गुरुवार, १२ जानेवारी

चटणी आली! वाटी भरून, वर तेलाची धार.

चतुराबाई म्हणाली, "उषानं देली. म्हणली, दादांना द्या."

"का?" मी विचारलं.

"का म्हंजी? चटणी हाये ती. खायची."

मी वाटीकडे बघतच राहिलो. काल दुपारी मनात आलं काय आणि आज ताटात पडलं काय. देव बीव मी फार मानत नाही, पण आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंगळवार, १७ जानेवारी

संक्रांतीला तिळगूळ घ्यायला भुजंगकडे जाऊन आलो. चहा मिळाला. उषाबाईचा चहा म्हणजे पाकच, चमचा उभा राहील. भुजंग तो भुरके मारत पितो आणि मधेच मोठ्याने हसतो, कशाला ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण चिडायचं कारण चहा नाही. मोसंबीची बाग अजून दोघांच्यात आहे. बहार धरायला झाडांचं पाणी तोडून ताण दिला आहे. पाणी कधी सोडायचं हे अण्णा मला विचारायचे. आता भुजंग कोणालाच विचारत नाही. मी काही झालं तरी आपणहून सांगायला जाणार नाही.

शिवाय चष्म्याची दांडी तुटली. दोऱ्याने बांधून चालवतो आहे. मुलाला सांगितलं तर म्हणेल, कधीचं सांगतोय नवीन घ्या, एवढा का हट्टीपणा. म्हणून फक्त याच खोलीत घालतो.

शुक्रवार, २० जानेवारी

काय लिहू?

काल सकाळी भुजंग आला. दारातच म्हणाला, "दादा, बागेला ताण बास झाला का? पानं गळून राह्यलेत. पाणी सोडू का आठ दिस थांबू?"

वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं! मी गळा साफ करून म्हणालो, "चार दिवस थांब." तो म्हणाला, "बराबर." आणि जाता जाता, "मी जालन्याला चाललो. तुमचा चष्मा द्या, तिथं मस्तगडच्या दुकानात दांडी बसवून आणतो, जल्दी होईल." चष्मा माझ्या उशीखाली होता. या खोलीत भुजंग कधी आला नाही, येतच नाही. त्याला कसं कळलं?

संध्याकाळी चष्मा आला. सोबत त्याच्या घरून चहा आला. साखर अगदी बेताची.

रात्रभर नव्हे, पण बराच वेळ हाच विचार केला. रक्ताला अशी आतून वायर असते का, आपण इथे मनात म्हणावं आणि तिथे उमटावं? कम्प्युटरवरून अण्णा तीन घरांत चालू शकतात, तर हेही असेल. मी आयुष्यभर या लोकांना दगड समजत आलो. दगड तर मी निघालो. त्यांना माझं न बोललेलं ऐकू येतं आणि मला त्यांचं बोललेलंही नाही.

सोमवार, २३ जानेवारी

चतुराबाई जेवताना म्हणाली, "तुमचा त्यो टीव्ही बिघडला. दुपारी पाणी प्यायला उठले तर नुसती अक्षरंच पळून राह्यली त्याच्यावर. मोठी मोठी. चित्र न्हाई, गाणं न्हाई."

ती शाळेत गेलेली नाही. मी सांगितलं, "बातम्या असतील. खाली पट्टी पळते."

"खाली न्हाई. सगळीकडंच."

"मग मोठ्या बातम्या असतील," मी म्हणालो. ती हसली नाही.

रोज काही ना काही येतंय पलीकडून. काल धपाटी, आज मेथीचं घट्ट वरण. मी कोणाला काही बोलत नाही. नजर लागायची.

गुरुवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला शाळेत गेलो होतो. नवीन बाई आल्यात, पंचविशीच्या असतील. तीनशे पोरं नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर उभी केली. सगळे परतले तरी गेटाबाहेर एकजण उभी होती. उषाबाई. पदर डोक्यावर, पिशवी हातात. ती त्या बाईंकडे बघत होती. मी दिसताच वळली आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेली.

घरी आलो तर तिने पाठवलेली वाटी समोर आली. आज पेरूची कोशिंबीर होती. घास उतरला नाही.

एक गोष्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची. चतुराबाईलाही माहीत नाही. आज नको.

सोमवार, ३० जानेवारी

लिहूनच टाकतो. कुलूप आहे, कोण वाचणार आहे?

१९८१. त्याच वर्षी आमचा जालना जिल्हा नवा झाला होता. मी दिवसभर लेटरहेडवरचं औरंगाबाद खोडून जालना टाइप करायचो. भुजंगच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. उषाबाई हसनाबादची, मॅट्रिक फर्स्ट क्लास. आमच्या घरात तेवढं शिकलेली बाई पहिलीच. तिला मास्तरीण व्हायचं होतं. तिने भुजंगला सांगितलं, भुजंगने मला. डी.एड.चा अर्ज मी टाइप केला, एकही चूक नाही. गावातल्या पोस्टात पत्रं गहाळ होतात म्हणून पत्ता माझ्या कचेरीचा दिला. तोवर माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, एवढं तरी लिहिलं पाहिजे.

जूनअखेर लिफाफा आला. तिची निवड झाली होती. १५ जुलैला हजर व्हायचं होतं. मी लिफाफा टेबलाच्या खणात ठेवला. मी तेव्हा अंबडला खोली करून राहायचो, शनिवारी घरी यायचो. त्या शनिवारी पत्र पिशवीत घेतलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. पंधरा जुलै निघून गेली.

भुजंगने एकदा विचारलं, "दादा, त्या अर्जाचं काई आल्तं का?"

मी म्हणालो, "नाही. यंदा फार गर्दी होती म्हणतात."

तो "बरं" म्हणाला. परत त्याने विचारलं नाही.

आई अंथरुणावर होती. चतुराबाईला दुसऱ्या खेपेचे दिवस गेलेले. शेण-पाणी, भाकरी, आईचं सगळं तिने एकटीने कसं ओढलं असतं? थोरल्याने घराचा विचार करायचा असतो. मी घराचा विचार केला.

लिहून झाल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही.

बुधवार, १ फेब्रुवारी

दोन दिवस पलीकडून काही आलं नाही. चहा नाही, वाटी नाही. शिवणाच्या मशीनचा आवाजही नाही. भुजंग मात्र नेहमीसारखा अंगणातून हाक मारून गेला, पाणी सोडल्यावर बागेला बारीक कळी दिसतेय म्हणाला. मग हिलाच काय झालं? ताप असेल. हवा बदलली की येतो.

वाटीची एवढी सवय कशी लागली मला?

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

चतुराबाईला बघून यायला पाठवलं. ती जाऊन आली.

"ताप आहे का?" मी विचारलं.

"न्हाई. बसून हाये. डोळे सुजलेत. इचारलं तर म्हणती, काई न्हाई, कांदा चिरला. तिच्या घरात कांदा कुठं दिसला न्हाई मला."

आता खोलीत एकटाच आहे. सोमवारी लिहिलेलं वरपासून वाचलं. अक्षरं मोठी आहेत, त्यामुळे खोटेपणाही मोठा दिसतो. घराचा विचार वगैरे सगळं झूठ आहे. आईला बघायला बाई ठेवता आली असती. चतुराबाई तर म्हणाली होती, जाऊ द्या तिला, मी करीन.

खरं हे आहे. १९६५ साली मी स्वतः मास्तरकीच्या ट्रेनिंगला अर्ज केला होता. मला मास्तर व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं. यादी लागली, नाव नव्हतं. मग टाइपिंग शिकलो आणि कचेरीत चिकटलो. सोळा वर्षांनी तो लिफाफा फोडला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते असं: ही मास्तरीण होणार आणि मी टाइपिस्ट. ही वर्गात खुर्चीवर बसणार आणि मी साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर. धाकट्याची बायको! बास. एवढ्यासाठी एका माणसाचं आयुष्य मी खणात घालून वर कुलूप लावलं.

पत्र अजून आहे. ट्रंकेत, सर्व्हिस बुकाच्या मधे. रिटायर झालो तेव्हा खण रिकामा करताना घरी आणलं. फेकवेना, देववेना. आता देऊन तरी काय होणार? ती पंचेचाळीसची झाली. उगाच जुनी जखम. भुजंग तोंड बघणार नाही माझं. आत्ता कुठे तो दादा म्हणून विचारायला लागला आहे.

मागच्या चुलीत भाकरीचा विस्तव अजून आहे. हे लिहून झालं की उठतो, पत्र काढतो आणि चुलीत घालतो. संपलं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

संपलं नाही.

ट्रंक उघडून लिफाफा काढला आणि वळलो, तर दारात उषाबाई. पळत आली होती, पायात चप्पल नाही, हातात शिवणाची कात्री तशीच. डोक्यावर पदर नव्हता. सव्वीस वर्षांत मी तिचा चेहरा पहिल्यांदा समोरून पाहिला. कपाळावर एक जुना वण आहे, मला माहीत नव्हतं.

"जाळू नका दादा," ती म्हणाली. "द्या इकडं."

"काय?"

"माझं पत्र."

मी दिलं. तिने कात्री माझ्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच वाचलं. एकदा, मग परत एकदा. कागद धरलेला हात बिलकुल हलत नव्हता. "पंधरा जुलै," ती म्हणाली. "त्या दिशी मी मळ्यात निंदून राह्यले व्हते. पाऊस उघडल्ता."

"तुला... तुम्हाला कसं कळलं?"

तिने नुसता पुढच्या खोलीकडे हात केला. मी गेलो. चतुराबाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, टीव्ही चालूच होता. नऊ नंबर. आणि त्यावर, एका ओळीत पाच शब्द, हाताएवढी अक्षरं: मागच्या चुलीत भाकरीचा विस्तव अजून आहे. माझ्या खोलीतला पडदा जसाच्या तसा. पिक्चर असो नसो, कम्प्युटरवर जे दिसतं ते सगळं तिन्ही घरांत दिसतं. पहिल्या दिवसापासून. माझा गुडघा, माझा चष्मा, चहातली साखर.

"पैल्या दिशी मला वाटलं कौसल्यानं पोथी लावली," उषाबाई मागून म्हणाली. "मंग माझंच नाव आलं. उषाबाईचा काई उपद्रव न्हाई, असं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिवलं असतं का?" तिचा आवाज चढला नाही. "इतक्या वरसांत तुम्ही माझ्याशी बोलले न्हाई. टीव्हीत बोलत व्हते. मी दुपारची वाट पाह्यचे, दादा. शिवण हातात धरून नुसती वाचत बसायचे. वाटायचं, या माणसाच्या आत एवढं हाये!"

मी टीव्हीकडे पाठ केली.

"भुजंगला माहीत आहे?"

"चष्म्याचं न बागेचं मीच सांगितलं. हे सांगितलं न्हाई. हे तुम्ही सांगायचं." ती दाराशी थांबली. "परवा रईवार. सांजच्याला सगळे घरी असतेत. मी नऊ नंबर लावून ठिवते. पत्र जसंच्या तसं टाइप करा, आन खाली तुम्ही काय केलं ते. नक्कल झाली की मूळ पत्र मला पायजे."

एवढं बोलून, पत्र माझ्या हाती परत देऊन ती गेली. पदर तिने घेतला नाही, जातानाही.

सोमवारपासून पाच दिवस ही बाई हे ओझं घेऊन एकटी बसली होती. नवऱ्याला सांगून आग लावता आली असती. लावली नाही. मी लिहून पुरं करण्याची वाट बघत राहिली. काल ती माझ्यासमोर उभी होती तेव्हा मला लाजेपेक्षाही मोठं काहीतरी वाटलं. अशी बाई पंचवीस वर्षं वर्गावर असती तर या गावाच्या किती पोरांना ती मिळाली असती! ते सगळं मी खाल्लं आहे, एकट्याने.

हे लिहितानाही पलीकडे टीव्ही चालू असणार, हे आता मला माहीत आहे. डबीची वायर उपटायला आज दोनदा हात गेला. खोटं कशाला सांगू, तिसऱ्यांदाही जाईल. उषाबाई, तुम्ही वाचताय. उद्या वायर जागेवर असेल.

रविवार, ५ फेब्रुवारी, संध्याकाळचे सात

हे मी सगळ्यांसमोर टाइप करतो आहे. काकासाहेब आणि कौसल्या वर आहेत. भुजंग त्याच्या घरी आहे. चतुराबाई पुढच्या खोलीत आहे आणि उषाबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या आहेत, तिला वाचून दाखवायला. वाचताना मला इथे ऐकू येतंय. खणखणीत, थांबत, एकेक शब्द सुटा.

नक्कल:

"प्रति, श्रीमती उषाबाई भुजंग, रा. वडीगोद्री. आपणांस कळविण्यात येते की, अध्यापक पदविका अभ्यासक्रमाच्या प्रथम वर्षासाठी आपली निवड झाली आहे. आपले नाव गुणवत्ता यादीत चौथे आहे. तरी बुधवार, दि. १५ जुलै १९८१ रोजी सकाळी अकरा वाजता मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे. हजर न राहिल्यास आपली जागा प्रतीक्षा यादीतील उमेदवारास देण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

अस्सलबरहुकूम नक्कल, मूळ पत्राप्रमाणेच.

हे पत्र मला जून १९८१ मध्ये मिळालं. मी ते उषाबाईंना दिलं नाही. भुजंग, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. चतुराबाई, तुझं नाव मी मनात पुढे केलं, तुझा काही दोष नव्हता. घरासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आलो. घरासाठी नाही. मला मास्तर होता आलं नाही म्हणून मी त्यांना होऊ दिलं नाही. माझ्या मनात द्वेष होता. यापेक्षा जास्त कारण नाही.

पुढच्या खोलीत वाचन "द्वेष" पर्यंत आलं आणि थांबलं. मग "होता" वाचला. चतुराबाई काहीतरी पुटपुटली, मला कळलं नाही. भुजंगच्या घराचं दार वाजलं. खिडकीतून दिसतंय, तो अंगणात आला आहे. माझ्या खिडकीकडे पाठ करून उभा आहे. मी हाक मारणार नाही. तो अधिकार आता माझा नाही.

उषाबाई माझ्या खोलीत आल्या. भासऱ्यासमोर कधी कोणी बसत नाही, त्या माझ्या बाजेवर बसल्या आहेत. मूळ पत्र मागितलं, दिलं. घडी घालून त्यांनी ते मुठीत धरलं आहे. मी विचारलं, "आता काय करू?"

त्या म्हणाल्या, "मी सांगते. तुम्ही टाइप करा."

त्या सांगतात तसं:

"मी उषाबाई. त्या वरसी दादा दर शनवारी सांजच्याला अंबडहून यायचे. पिशवी खुंटीला टांगायचे. मी ताट वाढायचे आन पिशवीकडं बघायचे. भासऱ्याला इचारायची सोय नव्हती. यांना म्हणलं, इचारा, तर यांनी एकदा इचारलं, आन झालं. मी दिवाळीपतुर पिशवीकडं पाह्यलं. मंग सोडून देलं. मला वाटलं, आपलं डोकंच तेवढं नसंल. मॅट्रिकचे मार्क चुकून पडले असतील. पुढं पोरी शाळंत गेल्या. त्यांचा अभ्यास घ्यायला बसायचे आन उठून जायचे. भेव वाटायचं, आपण चुकीचं शिकवलं तर? दोघींना शिकवणी लावली. मला सगळं येत व्हतं. चौथा नंबर व्हता माझा. पत्र गेलं त्याचं मला तितकं न्हाई वाटत. पंचवीस वरसं मी सोताला ढ समजले, त्याचं वाटतंय."

इथे त्या थांबल्या. मला पडदा नीट दिसेना, चष्मा काढून पुसला. अंगणात भुजंग वळला आहे, आता तो आमच्या पुढच्या खोलीतल्या टीव्हीकडे बघतो आहे.

"झालं?" मी विचारलं.

"न्हाई," उषाबाई म्हणाल्या. "अजून लई हाये. लिहा."

मी नवीन ओळ घेतली.